सव्वादोनचा चुडा

“एक बी वाढवायची न्हाय,” हिराक्का म्हणाली. “अकराच्या अकरा माझ्या पदरात टाक. मग तुझ्याशी काय बोलायचं ते बोलते.”

आणि तिनं खरंच मांडीवर पदर पसरला, ओटी घ्यायला बसावं तसा. शेजारी पाटावर तिची अठरा दिवसांची सून बसली होती, वैजयंता. उजवा हात तिनं डाव्या हातात धरला होता. काठोकाठ भरलेलं भांडं हिंदकळू नये म्हणून धरतात, तसा.

“मांडीवर नको,” मी वैजूला म्हटलं. “माझ्या खांद्यावर ठेव हात. वर राहू दे.”

तिनं ठेवला. ब्लाउजच्या कापडातून त्याची धग मला लागली.

आमचं बांगड्यांचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. रस्त्यावरून तीन पायऱ्या चढून यायचं. सासूबाई गेल्यापासून हात धरायचं काम माझ्याकडे होतं, आणि माल आणायचं यजमानांकडे. मी तेव्हा तिशीची होते. शाळा सातवीपर्यंत, पुढचं शिक्षण बांगड्या गुंडाळायच्या रद्दीनं केलं. पण हातातलं मला कळत होतं. त्याची घमेंड होती म्हणा ना.

वैजू आमच्याच गल्लीतली. चार घरं टाकून पलीकडे. सहा वर्षांची असल्यापासून दिवाळीला माझ्यापुढे हात करून बसायची आणि बांगडी अंगठ्याच्या मुळाशी आली की डोळे मिटून घ्यायची. तिच्या लग्नाचा चुडाही मीच भरला होता. त्या दिवशी तिला ताप होता आणि घसा असा धरला होता की आवंढा गिळताना मान पुढे काढायची. बोलणं तर बंदच. मांडवातल्या बायकांना तेवढंच निमित्त. तिची एक मावशी म्हणाली, “बरंय, सासरी गेल्यावर जे शिकायचं ते पोरगी इथंच शिकून चालली.” सगळ्या हसल्या, मीही हसले. आईनं हळद घालून दूध पाजलं. चार दिवसांत घसा मोकळा झाला, लग्न लागलं, वैजू बारा कोसांवर नांदायला गेली.

चुडा सव्वादोनचा भरला होता. तिच्या हाताला तेच माप. त्याहून एक माप मोठ्या, दोन-सहाच्याही गेल्या असत्या, आणि न दाबता गेल्या असत्या. पण सैल बांगडी भरणं हे आमच्यात काम नव्हे. सासूबाई म्हणायच्या, बांगडी अशी बसावी की हातातूनच उगवली वाटावी, आणि तरीही गोल फिरावी. वैजूच्या हातातली प्रत्येक बांगडी त्या दिवशी मी फिरवून पाहिली होती.

आता ती फिरत नव्हती. मनगट वरखाली फुगलेलं आणि मधे अकरा हिरव्या रेघा रुतलेल्या.

“नव्या नवरीचा हात हा असा भरतात व्हय?” हिराक्का म्हणाली. “म्हसराला दावं बांधल्यावानी?”

“माप बरोबर होतं, आक्का.”

“बरोबर हुतं तर हे काय हाय? गणपतीची सोंड?”

वैजू खाली बघत होती. हिराक्काचा आवाज मोठा. रस्त्यापलीकडच्या रसवंतीत बसलेली दोन गिऱ्हाइकं ग्लास धरून आमच्याकडे तोंड करून बसली.

“मी डॉक्टरकडंच निघाले हुते,” ती म्हणाली. “सकाळची एस.टी. धरून आले. पर म्हटलं, डॉक्टर काय करनार? कात्री आननार न्हायतर फोडनार. आमच्यात सव्वा महिना चुडा हलवत न्हाईत. माझ्या लेकाच्या नावाचा चुडा डॉक्टरच्या हातानं फुटायचा. म्हणून आधी तुझ्या दारात आले. दवाखाना एकला बंद हुतोय. चल, हात उचल.”

यात चुकीचं काही नव्हतं. तिच्या जागी असते तर मीही आधी कासारणीकडेच आले असते. नव्या चुड्यातली बांगडी वाढली, फुटली असं आमच्यात म्हणत नाहीत, आणि पुढे घरात काही झालं, म्हणजे म्हैस आटली तरी, लोक त्या बांगडीपर्यंत माग काढत येतात. आणि बांगडीपासून कासारणीपर्यंत.

“बर्फ लागेल,” मी म्हटलं. “समोर रसवंतीत मिळेल. मी उठले तर हिचा हात खाली येईल.”

हिराक्का पुटपुटत उठली आणि तीन पायऱ्या उतरून गेली.

ती रस्ता ओलांडेपर्यंत मी वैजूचं मनगट दोन बोटांनी चाचपलं. घट्ट बांगडीचा हात मी पुष्कळ पाहिलेला. तो गार पडतो. नखं निळी होतात, बोटं बधिर होतात. हिचं मनगट तापल्या तव्यासारखं होतं, लाल, आणि नखं गुलाबी. बोटं हलत होती. नुसता स्पर्श केला तरी ती कळवळत होती.

“ताप आहे तुला.”

“असतो. संध्याकाळी जास्त.” मग ती घाईघाईनं बोलायला लागली. “काकी, आधी घोटा सुजला होता. उजवा. दोन दिवस टेकवत नव्हता. मग तो आपोआप उतरला आणि गुडघ्यानं धरलं. साडीत कुणाला दिसलं नाही. तो पण गेला. आता हे.”

“गुडघ्यात कुठं बांगड्या भरल्या होत्या गं मी?”

ती हसली, आणि हसण्यानं हात हलला म्हणून लगेच थांबली.

“तेच म्हणते मी. बांगडीचं नाहीच हे. पण तुम्ही म्हणा ना बांगडीचं.”

मला आधी कळलंच नाही.

“शालूताई,” ती म्हणाली.

तेवढं पुरे होतं. शालन तिची मोठी बहीण. तिचाही चुडा माझ्याच हातचा. तिला फिट यायची, आणि ते न सांगता लग्न लावलं म्हणून सासरच्यांनी लग्नानंतर आठव्या महिन्यात आणून सोडली होती. उंबऱ्यावर पेटी ठेवली आणि जीपचं इंजीनसुद्धा बंद न करता गेले. त्याला चार वर्षं झाली होती. वैजूचे वडील तेव्हापासून गल्लीत खाली मान घालून चालायचे.

“येताना गाडीत म्हणत होत्या,” वैजू म्हणाली, “सगळ्या एस.टी.ला ऐकू जाईल अशा. रोगट पोरगी गळ्यात मारली का काय म्हणून. काकी, डॉक्टर विचारणार कधीपासून. मग घोटा निघणार, गुडघा निघणार. तीन आठवडे पण नाही झाले. दोन्ही पोरी परत आल्या तर बाबा काय करतील?”

हिराक्का परत आली. पदराच्या टोकात बर्फ, आणि तो तिच्या पोटावरून ठिबकत होता. ती धापा टाकत होती. चपला आमच्या पायरीशीच राहिल्या होत्या. वैशाखातल्या बाराच्या डांबरावरून ती अनवाणी गेली होती आणि अनवाणी आली होती. हे मी पाहिलं. पाहून मनात म्हटलं, उतावळी बाई.

मग काम सुरू झालं. मी वैजूचा हात खांद्यावरून उतरवून उभा धरला, बर्फ फडक्यात बांधून मनगटाभोवती लावला, आणि वेळ जाऊ दिला. या कामात तेवढंच कौशल्य आहे, वेळ जाऊ देणं. मग एरंडेल. मग अंगठा तळव्यात दुमडून मूळ दाबायचं आणि बांगडी ओढायची नाही, फिरवत यायची, जशी काही तिची तीच बाहेर निघते आहे. पहिली निघाली. पुसून हिराक्काच्या पदरात टाकली.

“एक,” ती म्हणाली.

वैजूनं साडीचा काठ दातांत धरला होता. चौथ्या बांगडीला तिच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं, पण आवाज नाही. सातवी मनगटाच्या हाडावर अडली. मी थांबले. पुन्हा बर्फ. हिराक्का गुडघ्यांवर पुढे सरकली आणि तिनं सुनेची पाठ आपल्या छातीला टेकवून धरली.

“रड की मोठ्यानं,” ती म्हणाली. “हितं कोण हाय परकं? ही कासारीण तर आपली दुश्मनच हाय.”

सातवी निघाली. अकरावी निघाली तेव्हा घड्याळात बारा चाळीस झाले होते. हिराक्कानं पदरातल्या बांगड्या बोटानं हलवून मोजल्या, एक एक उजेडात धरून तडा बघितला.

“हात हाय गं तुझा,” ती म्हणाली. “भरताना कुठं गेला हुता?”

मी हात पुसत होते.

“आता नेऊ का हिला डॉक्टरकडं? इस मिन्टं हायेत अजून.”

वैजूनं माझ्याकडे पाहिलं. त्या बघण्याची आठवण मी कुणाला सांगू शकत नाही. लहानपणी बांगडी अंगठ्याशी आली की ती डोळे मिटायची ना, त्याच्या अगदी उलटं.

“कशाला, आक्का,” मी म्हटलं. “चूक माझी आहे. लग्नाच्या घाईत सव्वादोनच्या भरल्या. हिला दोन-सहाच पाहिजे होत्या. रक्त आवळलं. आता मोकळं झालंय, उद्यापर्यंत उतरेल.”

“अंगात ताप हाय तिच्या.”

“दुखण्याचा ताप. दुखणं गेलं की जाईल.”

हिराक्का माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, हिला कळलं. पण ती म्हणाली, “तू म्हनतीस म्हंजी असंल. हातातलं कासारणीला कळंना तर कुनाला कळंल?”

हात मोकळा ठेवत नाहीत म्हणून मी सुजलेल्या मनगटात हळदीचा दोरा सैलसा बांधला. उरलेलं हिराक्कानं केलं. पायरीवर चपला घालता घालता तिनं सगळ्या पेठेला सांगितलं की कुमुद कासारणीकडं कुणी लेकीबाळीचा हात देऊ नका, चार गावांत सांगेन, पंचवीस वर्षांचा धंदा तुझ्या सासूनं कमावला नि तू घालवलास. मी मान खाली घालून ऐकलं. वैजू मागून उतरत होती. शेवटच्या पायरीवर तिनं डाव्या हातानं माझा पदर किंचित ओढला. बस्स. दीडच्या गाडीनं दोघी परत गेल्या.

दुसऱ्या दिवशी निरोप आला. सूज उतरली.

हिराक्का बोलली ते तिनं करून दाखवलं. तिकडच्या गावांतल्या लग्नांचे चुडे आमच्याकडे यायचे थांबले. यजमान म्हणाले, “माप तर बरोबर होतं. तू कबूल कशाला झालीस?” मी नुसती हसले. त्यागाची मला त्या वयात फार हौस होती. दुपारी दुकानात कुणी नसलं की मी काचेच्या कपाटातल्या स्वतःकडे बघायची आणि वाटायचं, एका पोरीचा संसार आपण अकरा बांगड्यांवर तोलून धरला. कुणाला माहीत नाही, हेच त्यातलं गोड. असली गोडी चार वर्षं पुरली.

चौथ्या वर्षी मार्गशीर्षात दुपारी रस्त्यावरून हाक आली. “काकी, खाली येता का?”

वैजू पायऱ्यांपाशी उभी होती. सातवा महिना. डोहाळजेवणाला माहेरी आली होती. मला वाटलं, लाजते आहे. मी म्हटलं, “तीन तर पायऱ्या आहेत, ये की वर.”

“तीनच आहेत,” ती म्हणाली. “पण मला आता तीन पण पुष्कळ होतात.”

मी बांगड्यांची पेटी घेऊन खाली उतरले. थंडीत रसवंती बंद असते, तिचं बाकडं तेवढं बाहेर होतं. आम्ही तिथं बसलो. ती चार घरांवरून चालत आली होती आणि तिचा श्वास अजून ठिकाणावर आला नव्हता. ओठ जांभळट. गालावर मात्र लाली, कुणी म्हणेल गरोदरपणाचं तेज आहे.

“काळजातली झडप आखडलीय,” तिनं सांगितलं, भाजीचा भाव सांगावा तसं. “शहरात नेलं होतं. मोठं मशीन लावून बघितलं. डॉक्टरांनी पहिलंच विचारलं, मागं कधी सांधे सुजले होते का, एकातून दुसऱ्यात फिरत? मी तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, न्हाय बा. एकदा मनगट सुजलं हुतं, पर ते आमच्या कासारणीच्या बांगड्यांनी.”

ती हसली. मला हसता आलं नाही.

“मग?”

“मग त्या औषध आणायला गेल्या तेव्हा मी खरं सांगितलं. घोटा, गुडघा, मनगट. आणि तुमच्याकडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी डावं कोपर. डॉक्टर म्हणाले, त्याच्या आधी घसा दुखला होता का?” ती थांबून श्वास घेऊ लागली. “आठवतंय ना काकी? चुड्याच्या दिवशी?”

“आठवतंय.”

“त्यात जंतू होते म्हणे. ते गेले चार दिवसांत. पण त्यांच्याशी लढायला उठलेलं आपलंच अंग, ते थांबलं नाही. डॉक्टर म्हणाले, रखवालदाराला चोराचा चेहरा नीट आठवत नाही, मग तो घरच्याच माणसांना झोडपत सुटतो. आधी सांधे. सांध्यांचं काय, ते उतरतं, मागे काही ठेवत नाही. तेवढ्यात काळजालाही मारून झालेलं असतं. त्याचं नाव रुमॅटिक ताप.”

“आणि त्याच वेळी दाखवलं असतं तर?”

मला उत्तर नको होतं. पण विचारलं.

“एक सुई. दर एकवीस दिवसांनी. पुष्कळ वर्षं घ्यायची, म्हणजे घसा परत धरत नाही आणि अंग परत उठत नाही. पहिल्या वेळी थोडंच बिघडतं म्हणे. परत परत आलं की आखडतं.”

“परत आलं होतं?”

“दर थंडीत.” ती जरा पुढे झुकली आणि तिच्या आवाजात, काय सांगू, थोडं कौतुक होतं. “पण तुम्ही शिकवलं होतंच ना. बर्फ, एरंडेल, हात वर. कणकण वाटली की मी आधीच बांगड्या उतरवून ठेवायची. तुमच्यासारख्याच, फिरवत. चार वर्षांत एक वाढली नाही. कुणाला कळलंसुद्धा नाही.”

रस्त्यावरून एक बैलगाडी कडबा घेऊन गेली. ती जाईपर्यंत आम्ही दोघी तिच्याकडे बघत राहिलो.

“आक्काला सांगितलंस? त्या दिवशीचं?”

“आता सांगून काय? आणि सांगू नका तुम्ही पण.” मग म्हणाली, “त्या माझे पाय चेपतात, काकी. रोज. तोंड चालू असतं, पण हात पण चालू असतात. त्यांना कळलं ना की मी त्यांना भिऊन लपवलं, तर त्या...” तिनं वाक्य सोडून दिलं. “भरा बांगड्या. दोन-सहाच्या. सैल भरायला सांगितलंय सासूबाईंनी, मुद्दाम.”

मी दोन-सहाच्या भरल्या. बांगडी अंगठ्याशी आली तरी तिनं डोळे मिटले नाहीत. मिटण्याजोगं काही नव्हतंच, बांगड्या आपोआप गेल्या.

पौषात ती गेली. दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या. मुलगी झाली, वजनानं कमी पण रडकी, म्हणजे चांगली. तिसऱ्या दिवशी वैजूच्या छातीत पाणी भरलं.

सकाळी दहाला हिराक्काच्या गावचा एक माणूस मोटारसायकल घेऊन दारात आला. सवाष्ण गेली, चुडा भरायचाय. मी म्हटलं, तुमच्याकडे दुसरे कासार आहेत की. तो म्हणाला, “म्हातारी म्हनली, पयला तिनं भरला, ह्यो बी तीच भरंल.”

यजमान म्हणाले, मी जातो. पण बायकांचे हात पुरुषांनी धरायचे ते दुकानात. मी पेटीत हिरव्या बांगड्या घेतल्या. अडीचच्या, दोन-सहाच्या, सव्वादोनच्याही. का घेतल्या सगळ्या मापांच्या, माहीत नाही. पाठीमागे बसून बारा कोस गेले.

अंगणात तिला निजवली होती. हळद, कुंकू, हिरवं लुगडं. आतल्या खोलीत कुणीतरी बाळाला थोपटत होतं. हिराक्का तिच्या डोक्याशी बसली होती आणि तिचं तोंड बंद होतं. त्या बाईला मी पहिल्यांदाच गप्प पाहिली.

मी बसले. वैजूचा उजवा हात घेतला. सलाइननं पंजा किंचित सुजलेला, सुईच्या जागी कापसाचा बोळा तसाच चिकटलेला. हात अजून पुरता ताठला नव्हता.

“सैल भर ह्या बारीला,” हिराक्का म्हणाली. “मागं घट्ट भरला हुतास. लई रडली हुती.”

मी अडीचच्या काढल्या. पाच भरल्या. त्या मनगटावर थांबल्या नाहीत, कोपराकडे घरंगळत गेल्या आणि एकमेकींवर वाजल्या. अंगणात एवढी शांतता होती की तो आवाज सगळ्यांना ऐकू गेला.

सहावी माझ्या हातात होती. मी म्हटलं, “आक्का, त्या दिवशी बांगड्या घट्ट नव्हत्या.”

तिनं वर पाहिलं.

“बांगड्यांचं नव्हतंच ते. त्याच्या आधी हिचा घोटा सुजला होता. मग गुडघा. शहरातल्या डॉक्टरांनी विचारलं ना तुम्हाला, सांधे फिरत सुजले होते का. ते तेच होतं. ताप तोच होता.”

“तुला ठावं हुतं?”

“हो.”

“तवा ठावं हुतं?”

“रोग कोणता ते माहीत नव्हतं. बांगड्यांचं नाही, हे माहीत होतं.”

“मग म्हनली का न्हाईस?”

याला एक उत्तर माझ्याकडे होतं, आणि ते खरं होतं. ते दिलं असतं तर निम्मा भार माझ्यावरून उतरून तिच्या मांडीवर गेला असता. वैजूचा हात माझ्या हातात होता. मी म्हटलं, “चुकलं माझं.”

चार वर्षांपूर्वी हीच कबुली मी किती सहज दिली होती.

हिराक्का माझ्याशी नव्हे, समोरच्या कुडाशी बोलल्यासारखं म्हणाली, “इस मिन्टं हुती. दवाखाना उघडा हुता. मी इचारलं हुतं ह्या कासारणीला, नेऊ का म्हणून.”

बाळ आत रडायला लागलं आणि थांबलं.

हिराक्का पुढे सरकली. तिनं सुनेच्या कोपरापाशी गेलेल्या पाच बांगड्या एकेक करून खाली आणल्या आणि काढून माझ्या पेटीत टाकल्या. हलक्या हातानं, फिरवत, कासारणीसारख्या.

“मग हिच्या मापाच्या भर,” ती म्हणाली.

सव्वादोनच्या काढल्या. पाण्यात हात भिजवला. अंगठा तळव्यात दुमडला, मूळ दाबलं. जिवंत हात दाबला की मऊ होतो, थोडा आपल्याकडे येतो. हा येत नव्हता. बांगडी हाडाशी अडली. हिराक्कानं पलीकडून कोपर धरलं, मी वेळ जाऊ दिला, आणि ती गेली. मग दुसरी. उजव्या हातात अकरा भरल्या, मग डावा हात घेतला. शेवटी सवयीनं प्रत्येक बांगडी फिरवून पाहिली. सगळ्या फिरत होत्या.

एकही वाढली नाही.

दाराशी उभी असलेली कुणी एक बाई शेजारणीला हळूच म्हणाली, “हात चांगला हाय कासारणीचा.”

हिराक्कानं मान वळवून माझ्या हातांकडे पाहिलं.